घरगुती इंग्रजी

पेन्शन घेतल्यावर माणसाने नवी भाषा शिकायला जाऊ नये. आणि जी भाषा आपल्याला येते म्हणून गावात आपला दरारा आहे, ती शिकायला तर मुळीच जाऊ नये. मी नेमका तोच उद्योग केला. त्यापायी चाळीसगावला माझी गाडी चुकली, धुळ्याला एका सज्जन मड्डमेसमोर शोभा झाली आणि एक नवंकोरं धोतर चहात भिजलं. एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

जळगावात मला ‘इंग्रजीवाले नाना’ म्हणत. मी एका कचेरीत हेडक्लार्क होतो. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून चालू आहे. साहेब येत, दौऱ्यावर जात, वाघ मारत आणि बदलून जात. पण त्यांच्या सहीने जे इंग्रजी मुंबईपर्यंत जाई, ते माझं. ‘आय हॅव द ऑनर टु स्टेट’ असं म्हणून निघालेलं माझं वाक्य ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’पर्यंत पोचताना वाटेत दोन-चार पोटवाक्यं आणि एखादं ‘नॉटविथस्टँडिंग’ ओलांडून जाई, आणि कुठे धाप लागत नसे. एका तरुण साहेबाने एकदा माझा स्वल्पविराम खोडला होता. पुढे त्याची बदली झाली. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

पण खरं सांगायचं तर पेन्शनीत या इंग्रजीला कुत्रं विचारत नाही. बायको, सुंदरबाई, जाऊन पाच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा अभिमन डॉक्टरी शिकायला एडिंबरोला. घरात मी, आणि सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला येणारी भिकुबाई. भिकुबाई खानदेशी बोले आणि मी तिला शुद्ध मराठीत उत्तर देई, त्यामुळे आमचं संभाषण मीठ आणि रॉकेल यांच्यापलीकडे कधी गेलं नाही. संध्याकाळ झाली की घर खायला उठे. मग मी काठी घेऊन स्टेशनावर जाई, प्लॅटफॉर्माचं तिकीट काढी आणि मेलची वाट बघत बाकावर बसे. मेलने माझं कोणी येणार नसे आणि कोणी जाणारही नसे. पण गाडी सुटताना सगळे खिडकीतून हात हलवतात, आणि एवढ्या हातांतला एखादा चुकून आपल्याकडे वळतो. मीही आपला हात हलवी. एकदा तर एका बाईने मला ‘पोचल्यावर खुशाली कळवते हो, मामा’ असं ओरडून सांगितलं. गाडी गेल्यावर तिचे खरे मामा माझ्याकडे बराच वेळ बघत उभे होते.

अशात छत्तीस साली, होळीच्या सुमारास, अभिमनचं पत्र आलं. त्याने लग्न केलं होतं. मुलगी तिकडचीच, त्याच्या इस्पितळात नर्स होती, नाव एडिथ, बाप कोळशाच्या खाणीत कामाला. दोघं चैत्रात जळगावला येणार होते. कलकत्त्याच्या एका इस्पितळात अभिमनला जागा मिळत होती, पण त्याचा जीव जळगावात दवाखाना काढण्यात होता. ‘एडिथला घर आपलंसं वाटलं तर कलकत्त्याला नकार कळवतो आणि तुमच्याजवळच राहतो,’ असं त्याने लिहिलं होतं. आणि खाली एक ओळ: ‘नाना, ती बुजरी आहे. तिच्याशी घरी बोलतात तसं साधं इंग्रजी बोला. कचेरीतलं नको.’

पोराने परजातीतली नव्हे, परखंडातली बायको केली, याचा मला राग यायला हवा होता. शेजारपाजारच्यांनी त्यासाठी दोन दिवस वाटही बघितली. पण माझं लक्ष ‘तुमच्याजवळच राहतो’ या शब्दांवरून हलेना. घरात माणसं असतील. कोणी तरी विचारील, ‘नाना, जेवलात का?’ मग ते कोणत्या का भाषेत असेना. राग आला तो फक्त त्या शेवटच्या ओळीचा. ज्या इंग्रजीवर त्याची कॉलेजची फी भरली, ते त्याला आता सुनेसमोर आणायची लाज वाटत होती.

तरी मी कामाला लागलो. स्वागताचं एक छोटंसं भाषण तयार केलं आणि ते शेजारच्या मोतीलालशेठना म्हणून दाखवलं. मोतीलालशेठ म्हणजे जिनिंग फॅक्टरीचे मालक. कापूस आणि सल्ला या दोन्हींचा त्यांच्याकडे बारमाही साठा. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

“नाना,” ते म्हणाले, “इंग्रजी मला कळत नाही. पण हे ऐकताना मला वाटलं, माझ्या जिनवर जप्ती आली.”

“यात जप्तीचा एक शब्द नाही, शेठ. ‘आपल्या आगमनाची पोच देण्याचा सन्मान मला लाभत आहे,’ असं आहे ते.”

“असेल. पण पोरगी उलट्या पावली स्टेशनावर जाईल. तुम्हाला घरगुती इंग्रजी पाहिजे. साहेब लोक आपसात, पाय पसरून, सदऱ्याची बटणं सोडून बोलतात ना, तसलं. तुम्ही आमच्या डोंगरसिंगकडून शिका.”

डोंगरसिंग हा त्यांच्या जिनवरचा पहारेकरी. तरुणपणी सातपुड्यात साहेबांना शिकारीची वाट दाखवायचं काम करी. तंबूच्या बाहेर, शेकोटीपाशी बसून त्याने जे इंग्रजी ऐकलं ते खरोखरच बटणं सोडलेलं होतं. मी, ज्याच्यापुढे मामलेदारांनी मसुदे टाकले, तो कापसाच्या गठ्ठ्यावर बसून डोंगरसिंगकडून इंग्रजी शिकू लागलो. दिवसाउजेडी बसणं बरं दिसेना म्हणून आम्ही गठ्ठ्यांच्या मागे बसत असू.

त्याने मला पहिल्याच दिवशी या भाषेचं मर्म सांगितलं. “नाना, साहेब खूश व्हयना का ब्लडी म्हने. राग उना का बी ब्लडीच म्हने. वाघ मरना तरी ब्लडी, पळना तरी ब्लडी. एक शबूद शिका, बठ्ठं काम व्हई जास.”

मला हे पटलं. आमच्या कचेरीच्या भाषेतही ‘रिस्पेक्टफुली’ हा शब्द आम्ही असाच कुठेही घालत असू. मी ‘ब्लडी गुड’ घोकलं, ‘ओल्ड बॉय’ घोकलं, ‘चीअरिओ’ घोकलं. डोंगरसिंग म्हणाला, आता सून काय, लाटसाहेब आला तरी हरकत नाही. डोंगरसिंगचा आत्मविश्वास माझ्यापेक्षा मोठा होता, कारण त्याला अजून कोणी तपासलं नव्हतं.

माझा पिंड मात्र कारकुनाचा. वरिष्ठांची मान्यता घेतल्याशिवाय मला कुठलीही गोष्ट खरी वाटत नाही. धुळ्याला मिशनच्या बंगल्यात एक वृद्ध मड्डम राहते, स्वभावाने फार चांगली आहे, असं ऐकून होतो. म्हटलं तिच्याकडून एकदा तपासून घ्यावं. निघालो. चाळीसगावला धुळ्याची गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली, कारण मी हमालाला ती ‘कोणत्या नियोजित वेळी’ सुटते हे विचारत होतो. दुपार प्लॅटफॉर्मावर काढली आणि धुळ्याला पोचलो तो घामाने आणि कोळशाने ओळखू न येण्याजोगा.

बंगल्याच्या व्हरांड्यात एक कारकून बसला होता. त्याने भेटीचा हेतू विचारला.

“मड्डमसाहेबांशी अनौपचारिक बोलायचं आहे,” मी म्हणालो.

“तसा लेखी अर्ज द्या. इंग्रजीत.”

सांगायला हरकत नाही, पेन्शन घेतल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता. मी तिथेच बैठक मारून अर्ज लिहिला. औपचारिकता बाजूला ठेवून आपल्याशी बोललं जावं, अशी विनंती मी इतक्या औपचारिकपणे केली की लिहिताना माझेच डोळे भरून आले. कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. “फारच सुरेख,” तो म्हणाला. “पण हा कोणामार्फत आला, ते लिहिलेलं नाही.”

“मी आता कोणाच्याच मार्फत नाही,” मी म्हणालो.

म्हणालो खरा, पण ते वाक्य तोंडातून गेल्यावर मला जरा वेळ तिथल्या पायरीवर बसावं लागलं. कारकुनालाही काय वाटलं कोण जाणे, त्याने शेरा न मारता मला आत सोडलं.

मड्डम पांढऱ्या केसांची, बारीक चणीची. तिने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि माझ्यापेक्षा स्वच्छ मराठीत विचारलं, “उन्हाचा त्रास झाला असेल ना?” आता परीक्षेचा क्षण आला हे मी ओळखलं. चहाचा एक घोट घेतला, पाय पसरले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “ब्लडी गुड टी, ओल्ड बॉय!”

मड्डमेचा चमचा बशीत पडला. त्या आवाजाने माझा कप हलला आणि चहा धोतरावर आला. दारात उभा असलेला कारकून आकाशाकडे बघू लागला.

“हे तुम्हाला कोणी शिकवलं?” तिने विचारलं.

“हे सातपुड्यातलं इंग्रजी आहे,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार!

मग सगळी हकीकत सांगितली. ती मन लावून ऐकत होती. हसली असती तर मला राग तरी आला असता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, “नाना, सुनेशी बोलायला वेगळी भाषा कशाला शिकता? तुम्ही घरी बोलता तसंच बोला. घरी कोणाशी बोलता?”

घरी मी कोणाशीच बोलत नव्हतो. सुंदरबाई होती तेव्हा तरी काय बोललो? ती मला ‘इकडून’ म्हणे, मी तिला ‘ऐकलं का’ म्हणे. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला कधी नावाने हाक मारली नाही, ती पद्धतच नव्हती. आमचंही सगळं मसुद्यासारखंच चाललं होतं. मड्डमेला मी सांगितलं की विचार करून कळवतो. उत्तर टाळायचं असलं की कचेरीत असंच लिहीत असू.

चैत्रात दोघं आली. मेलच्या डब्यातून अभिमन उतरला, त्याच्यामागे एडिथ. उन्हाने लाल झालेली, टोपी हातात धरलेली, डोळ्यांत भीती. मी हार घेऊन पुढे गेलो. डोंगरसिंगचं इंग्रजी धुळ्याला बाद झालं होतं आणि मड्डमेने सांगितलेलं माझ्याकडे नव्हतं. शिल्लक राहिलं ते एकच. भर फलाटावर मी तिच्या आगमनाची पोच देण्याचा सन्मान घेतला. अभिमन मधेच म्हणाला, “नाना, पुरे.” एडिथ म्हणाली, “थँक यू व्हेरी मच, सर.” सुनेने मला सर म्हटलं, आणि त्यात तिची चूक नव्हती.

घराची तयारी सगळ्या आळीने मिळून केली होती. मोतीलालशेठनी भुशात गुंडाळून भुसावळहून बर्फाची लादी आणवली आणि रावेरच्या केळ्यांचा एक आख्खा घड पाठवला. मड्डम लोकांना पोळी-भाजी सोसत नाही, असा सगळ्यांचा सल्ला पडला, म्हणून बिस्किटांचे डबे आले आणि उकडलेली अंडी बाहेरून येऊ लागली. भिकुबाई दारातून तिच्याकडे बघत मला विचारी, “नाना, ती भाकर खास का नही?” मी म्हणे, “ते त्यांच्या प्रकृतीस मानवणार नाही.” शेजारणी येत, तिच्या झग्याचं कापड चिमटीत धरून बघत, केस खरे आहेत का ते बघत आणि समाधानाने परत जात. ती सगळ्यांना हसून ‘थँक यू’ म्हणे.

सकाळी टेबलाशी आम्ही दोघं समोरासमोर बसत असू. अभिमन पहाटेच जागेच्या शोधात बाहेर पडे. मी घसा साफ करून विचारी, रात्री आपणास निद्रा प्राप्त झाली किंवा कसे, याची चौकशी करण्याची परवानगी असावी. ती म्हणे, “येस, थँक यू.” मग उष्म्यासंबंधी मी दोन शब्द बोले. ती म्हणे, “येस, इट इज व्हेरी वॉर्म.” प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ, इस्त्री केलेला. मग बिस्किटाचा तुकडा मोडल्याचा आवाज. मग काहीच नाही. एकटा असताना घरात शांतता होती ती निदान माझी एकट्याची होती. आता तिच्यात दुसरं माणूस बसलेलं होतं, आणि तेही माझ्यामुळे गप्प होतं. दहा शब्दांची गोष्ट, पण ते दहा शब्द मला सापडत नव्हते.

इकडे दवाखान्याला जागा मिळाली. स्टेशनाजवळ एक सरकारी इमारत रिकामी पडली होती. अभिमनने सरळ साध्या इंग्रजीत अर्ज केला, ‘इमारत रिकामी आहे, मी डॉक्टर आहे, भाड्याने द्या.’ अर्ज चार दिवसांत परत आला. वर शेरा होता: ‘नॉट अंडरस्टुड. रीसबमिट थ्रू प्रॉपर चॅनल.’ तो शेरा बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. तो माझाच होता. माझ्या खुर्चीवर आता मगन बसत होता, आणि मगनला मीच तयार केलं होतं.

मी तडक कचेरीत गेलो. मगन उठून उभा राहिला, मला त्याची खुर्ची दिली, पान मागवलं.

“नाना, अर्जात दवाखान्याचा हेतू नाही,” तो नम्रपणे म्हणाला.

“रोगी बरे करणं. दुसरा काय हेतू असतो दवाखान्याचा?”

“ते लेखी पाहिजे. तुम्हीच शिकवलंत.”

“आणि लेखी दिलं तर?”

“नासिकला जाईल. तिथून मुंबईला. दसऱ्यापर्यंत काही तरी कळेल.”

कलकत्त्याचं इस्पितळ दसऱ्यापर्यंत थांबणार नव्हतं. त्यांना आठवड्यात उत्तर हवं होतं. मला मगनला सांगायचं होतं, मगन, घर रिकामं आहे रे. पोरगं परत जाईल. तेवढं बघ की काही. एवढं तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या खोलीत, त्या टेबलापाशी मी दुसऱ्या कुठल्या भाषेत कधी बोललोच नव्हतो. मी म्हणालो, प्रस्तुत प्रकरणाकडे आपले लक्ष वेधण्यात येत आहे. मगन म्हणाला, योग्य ती दखल घेतली जाईल. आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि मी पान तोंडात धरून घरी आलो. त्या रात्री अभिमनने मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशीची दुपार. ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. अभिमन बाहेर गेला होता. मी ओसरीवर पडलो होतो, तो आतल्या खोलीतून आवाज आला. आधी वाटलं मांजर आहे. मग कळलं, एडिथ रडत होती.

मी उठून दारापाशी गेलो आणि उभा राहिलो. सवयीने मनात मसुदा तयार होऊ लागला. आपल्या दुःखाची वार्ता ऐकून खाली सही करणारास अत्यंत खेद होत आहे. मी तो खोडला. आपणास काही साहाय्य लागत असल्यास. तोही खोडला. जन्मात कधी इतकी खाडाखोड केली नव्हती. तेवढ्यात तिनेच दार उघडलं. पाण्याला निघाली असावी. मला समोर बघून दचकली, घाईघाईने डोळे पुसू लागली, आणि तिचा तो रडून सुजलेला चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं,

“कसाले रडी राहिनी व माय?”

हे मी बोललो नाही, माझी आई बोलली. पांझरेकाठच्या आमच्या खेड्यात मी पडून-झडून आलो की ती असंच विचारी. मग मला धुळ्याच्या शाळेत घातलं. तिथे ‘शे’ म्हटलं की मास्तर हातावर छडी देत आणि ‘आहे म्हण’ म्हणत. मी ‘आहे’ म्हणायला शिकलो, पुढे ‘इज’ म्हणायला शिकलो, आणि ‘शे’ तिकडे खेड्यात आईजवळ राहिलं. आई गेल्यापासून ते माझ्या तोंडी आलं नव्हतं.

“कसाले रडी राहिनी?” मी पुन्हा म्हणालो. “भूक लागनी का? ये, दोन घास खाई ले.”

तिला एक अक्षर कळलं नाही. पण ती माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. मी भिकुबाईची कळण्याची भाकर काढली, वर तेल-तिखट घातलं आणि खाली पाटावर बसून अर्धी तिला दिली. तिने घास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि ती हसत सुटली. मग बोलायला लागली.

आणि काय सांगू, मला एक अक्षर कळेना! ज्याच्या स्वल्पविरामाला साहेब हात लावत नसत त्या माणसाला कळेना. टेबलावरचं ते इस्त्रीचं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. हे काही वेगळंच होतं, शब्दांची शेपटं तोडलेली, वर चढत जाणारे, खाली घरंगळणारे सूर. मध्ये ‘मॅम’ येई आणि तिचा आवाज भरे, म्हणजे ती आई असावी. ‘डॅड’ येई आणि ती दोन्ही हातांनी तोंडाला काळं फासल्याची खूण करी, म्हणजे तो खाणीतला बाप. तेव्हा मला कळलं की इतके दिवस पोरगी माझ्याशी तिचं कचेरीचं इंग्रजी बोलत होती. सासरा मोठा इंग्रजीवाला आहे म्हणून बिचारी तोलून-मापून एकेक शब्द टाकत होती आणि खोलीत जाऊन रडत होती.

तिचं झाल्यावर मी बोललो. काय काय बोललो! मास्तरची छडी सांगितली, पांझरेचं पाणी सांगितलं. सुंदरबाईला कधी नावाने हाक मारली नाही ते सांगितलं, आणि आता घरात कोणी नसताना मारतो, तेही सांगितलं. “माले एकलं एकलं वाटस व माय,” मी म्हणालो. कोणालाही कधी न सांगितलेली गोष्ट मी तिला सांगितली, कारण तिला कळत नव्हतं. आणि तिने माझा हात हातात घेतला, म्हणजे कळलंही असावं. एका ताटातली भाकर संपली, मग दुसरी घेतली.

ऊन उतरल्यावर भिकुबाई आली. डबा उघडून म्हणाली, “नाना, बठ्ठ्या भाकरी कथ्या गयात?”

“सूननी खाद्यात,” मी म्हणालो.

भिकुबाई डब्याचं झाकण हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिने माझ्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात अभिमन आला. बाप आणि बायको जमिनीवर मांडी घालून शेंगा फोडताहेत, हे बघून दारातच थांबला. “काय बोलत होता एवढं?” त्याने मला विचारलं. मी म्हणालो, “माहीत नाही.” त्याने तिला विचारलं. तिनेही तेच सांगितलं असावं, कारण आम्ही दोघं पुन्हा हसायला लागलो. मग ती त्याच्याशी भराभर काही बोलली. त्याचा चेहरा उतरला. त्याने खांबाला टेकून डोळे मिटून घेतले.

“ती म्हणते, इथेच राहू,” तो म्हणाला. “नाना, मी आज दुपारीच कलकत्त्याला तार केली. होकाराची. दिलेला शब्द आता फिरवता यायचा नाही. तिला इथे करमत नाही असं मला वाटलं. आणि तुम्हीही काही बोलत नव्हता.”

मी त्याच्यावर रागावलो नाही. रागवायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. मी त्याच्यापुढे शेंगा सरकवल्या आणि म्हणालो, “बैस. खाई ले.” त्याला खानदेशी येत नव्हतं, मीच कधी येऊ दिलं नव्हतं. पण तो बसला.

उरलेले दिवस भुर्रकन गेले. एडिथ सकाळी उठून स्वयंपाकघरात येई आणि भिकुबाईशी तिच्या त्या खाणीकडच्या इंग्रजीत गप्पा मारी. भिकुबाई तिला खानदेशीत उत्तरं देई. मी मध्ये बसून दोघींना माना डोलवी. दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली होती आणि मला कुठलंच काम नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी मोतीलालशेठनी विचारलं, “मग नाना, घरगुती इंग्रजी जमलं का?” मी म्हणालो, “नाही जमलं, शेठ.”

मेलवर पोचवायला गेलो. त्या दिवशी पहिल्यांदाच माझं स्वतःचं माणूस डब्यात होतं. अभिमन सामान लावत होता. एडिथ खिडकीत बसली होती आणि मी बाहेर उभा होतो. सगळी आळी मागे उभी, मोतीलालशेठ केळ्यांचा आणखी एक घड घेऊन. निरोपाचं काही तरी बोलायला हवं होतं. मराठी येत होतं, इंग्रजी येत होतं, खानदेशीही परत आलं होतं. पण तिन्ही घशापाशी अडकून बसली. शिटी झाली, झेंडी हलली, गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालू लागलो, आणि मग समोरचं सगळं धूसर झालं. फलाटाच्या मधोमध, काठी टेकून, इंग्रजीवाले नाना उघड उघड रडत होते.

एडिथने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. एका हाताने टोपी धरली आणि जिवाच्या आकांताने ओरडली,

“कसाले रडी राहिनी व माय?”

बाईला विचारायचं वाक्य, जसंच्या तसं मला. हमाल थांबले. फलाटावरची माणसं वळून बघू लागली. मोतीलालशेठच्या हातातला घड तसाच राहिला. तिला त्यातल्या एका शब्दाचाही अर्थ सांगता आला नसता. पण माणूस रडत असताना ते म्हणायचं असतं, एवढं ती माझ्याकडून शिकली होती.

“नही व माय,” मी काठी उंच करून ओरडलो, “डोयामा कोयसा गया!”

कोळसा कसला जातोय! इंजिन केव्हाच सिग्नलपार गेलं होतं आणि वाराही उलट दिशेचा होता. गार्डाचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी हात हलवत उभा राहिलो, आणि मग आळीतल्या लोकांना पुढे जायला सांगून माझ्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसलो.